उडालेला भुंगा

अभयनं सकाळपासून सातव्यांदा गोळ्यांची डबी उघडली. भुंगा होता तिथंच होता. जाणार कुठं म्हणा, मरून दोन आठवडे झाले होते त्याला. पण चोराच्या मनात चांदणं. डबी खिशात टाकली की पाच मिनिटांत हात पुन्हा खिशाकडे जायचा.

हरभऱ्याएवढा जीव. अंगावर हिरवी चमक, पुढं इवलीशी सोंड. व्हिएतनामहून सदाशिव पेठेपर्यंत आला होता, कुणाला न विचारता.

पूर्वा ही अभयच्या मावसबहिणीची मुलगी, कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायची. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "मामा, फोटोवरून सांगायला मी ज्योतिषी नाही. गुरुवारी पाचला घेऊन या." नव्या जातीचा निघाला, तर सापडणाऱ्याचं नाव भुंग्याला लागू शकतं, असंही म्हणाली. तेव्हापासून अभयला जेवण गोड लागेना. एकतीस वर्षं कारखान्यात काढली, पण त्याचं नाव कशाला लागलं असेल तर फक्त हजेरीच्या कार्डाला.

आणि गुरुवारी तीन वाजता धम्मदीपचा फोन आला.

"अभय, घरी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

अभयनं डबी चाचपली. कळलं की काय याला?

धम्मदीप त्याचा कारखान्यातला जोडीदार. शेजारशेजारच्या मशीनवर दोघांची उमेदीची वर्षं गेली. किड्यांचं वेडही दोघांना एकदमच लागलं. दर रविवारी कात्रजच्या डोंगरावर जायचं आणि छत्री झुडपाखाली उलटी धरून वर काठीनं फांदी हलवायची. छत्रीत पडेल ते बघायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं. निवृत्तीनंतर हाच उद्योग परदेशात करू म्हणून दोघं व्हिएतनामला गेले.

तिथला वाटाड्या मिन्ह, तिशीतला हसरा माणूस. जंगलाला लागून त्याची चहाची झुडपं होती, आजोबांनी लावलेली. त्याचं म्हणणं एकच. आत जाण्याआधी बुटांचे तळवे घासा, पिशव्या झटका. बाहेरचं बी नको, बाहेरचा किडा नको. आणि इथलं काही नेऊ नका. दोघांकडून त्यानं कागदावर सह्या घेतल्या. धम्मदीपनं तर मोजेसुद्धा उलटे करून झटकले.

"अरे, विमानतळावर एवढी तपासणी झाली नव्हती," अभय म्हणाला.

मग धम्मदीपनं आपली लांब दांड्याची छत्री उघडली. ती वर्षभर त्याच्या गॅलरीत टांगलेली असायची. उघडताच आतून बारीक वाळकी पानं पडली. "घरचा कचरा," असं म्हणत त्यानं ती एकेक करून वेचली आणि खिशात घातली.

चहाच्या पहिल्याच झुडपाखाली त्यानं छत्री उलटी धरली. अभयनं काठी मारली आणि टप्पकन हा हिरवा भुंगा छत्रीत दिसला. पाय दुमडून, मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. धम्मदीप वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहराच उतरला. "थांब, चष्मा आणतो," म्हणाला आणि पिशवीकडे गेला.

तेवढ्यात अभयच्या हातानं काम उरकलं, भुंगा डबीत गेला.

"उडाला," तो म्हणाला.

"कुठं?"

"त्या झुडपांत."

पुढचे दोन तास धम्मदीप गुडघ्यांवर रांगत होता. एकेक पान उलटून बघत होता. गुडघा सुजला, तरी उठेना. अभय मनात म्हणाला, यालाही भुंग्याची हाव सुटलेली दिसते. ते समजल्यावर त्याला जरा बरं वाटलं होतं. पण नंतर रोज त्याचा तो सुजलेला गुडघा डोळ्यांपुढं यायचा आणि स्वतःची शरम वाटायची.

अभयची स्कूटर धम्मदीपच्या घराकडे, खडकीच्या रस्त्याला लागली. संगम पुलाच्या सिग्नलला उभं असताना त्यानं ठरवून टाकलं. बस झालं हे. कबूल करायचं, डबी त्याच्या हातात द्यायची. नाव लागलं तर दोघांचं लागेल. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

धम्मदीप गॅलरीत बसला होता, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून. कठड्यावरून शेवग्याची फांदी आत आली होती. तिची पानं कडेनं कुरतडलेली होती. तिथंच खाली छत्री टांगलेली होती.

"चहा घे. मिन्हनं दिलेला आहे. शेवटचा."

अभयनं कप बाजूला ठेवला. "धम्मदीप, मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक. नाहीतर धीर व्हायचा नाही." धम्मदीपनं शेवग्याचं एक पान उलटलं. पानाखाली हिरवा, सोंडेचा भुंगा चिकटला होता. शेजारी आणखी एक. "हा तिथला नव्हता रे. आपल्या छत्रीतून गेला. मी सगळं झटकलं आणि छत्री विसरलो. बघताक्षणी ओळखला मी त्याला. सही करून बसलो होतो, लाजेनं बोललो नाही. म्हटलं, शोधून गुपचूप परत आणू. सापडला नाही."

अभयचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"झोप लागेना मला. शेवटी गेल्या आठवड्यात मिन्हला खरं कळवलं. आज त्याचा फोटो आला."

त्यानं फोन पुढं केला. काळी पडलेली जमीन, जळकी खुंटं, आणि पाठमोरा उभा असलेला मिन्ह.

"जंगलात पसरायला नको म्हणून आजोबांची सगळी झुडपं त्यानं स्वतःच्या हातानं पेटवली. तू दाखवली होतीस ना, तीच." धम्मदीपनं डोळे पुसले. "बरं, तुझं काय होतं? सांग."