आभाळ बघून ठरवू

मला दिसत नाही, त्यामुळे मॅरेथॉन धावायची तर लेकीच्या मनगटाशी माझं मनगट दोरीने बांधून घ्यावं लागतं. जन्मभर मालिश करून लोकांचे पाय मोकळे केले आणि साठीत स्वतःच्या पायांची हौस आली. बिचारीने नोकरी सांभाळून वर्षभर रोज पहाटे मला पळवलं.

आणि ऐन शर्यतीच्या दिवशी वादळी पावसाचा अंदाज! चार दिवस आमचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, सकाळी आभाळ बघून ठरवू."

सकाळी मी बूट घालून, छातीवर नंबर लावून, दोरी हातात घेऊन तिच्या दाराशी उभा. ती उठली, खिडकीपर्यंत गेली आणि जांभई देत म्हणाली, "बाबा, काळंकुट्ट भरून आलंय. आज नकोच." पलंग करकरला. ती पुन्हा आडवी झाली होती.

मी खिडकीशी गेलो आणि गजांतून हात बाहेर काढला. तळहातावर छान कोवळं ऊन पडलं.



"हो गं," मी म्हणालो, "थेंबही पडायला लागले. झोप तू."