बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं चालतं-बोलतं रूप आता फक्त बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीत उरलं होतं. ती मोबाईलमध्ये उतरवायची म्हणून कल्याण आठ दिवसांपासून भोकरदनच्या घरी बसून सॉफ्टवेअर शोधत होता आणि एकेकाला शिव्या घालत होता. एक म्हणे पाचच मिनिटं फुकट, पुढचे पैसे भरा. दुसऱ्यानं लॅपटॉपभर जुगाराच्या जाहिराती सोडल्या. तिसऱ्यानं तर पडद्याच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं.

"थू! माणसाच्या तोंडावर नाव छापून राह्यले, लाज न्हाई हरामखोरांना," तो बायकोला, शीतलला म्हणाला. "मला आईचा चेहरा बिलकुल साफ पाह्यजे."

चौथं सॉफ्टवेअर बराबर निघालं. तीन तासांचं लग्न एकाही डागाशिवाय उतरलं.

दोघं बघत बसले. वधूवर ताटकळत उभे आणि माईकवर नुसते सत्कार. सभापती झाले, चेअरमन झाले, त्यांचे मेहुणे झाले. फेटा, शाल, नारळ. तो मानपान बघून कल्याणनं त्यांनाही शिव्या घातल्या.

अखेर आई दिसली. अक्षदांचं ताट घेऊन ती लेकीकडं निघाली होती. कॅमेरा दिसताच थबकली, पदर सारखा केला, हसणार तेवढ्यात कॅमेऱ्यामागून कल्याणचाच आवाज आला, बिलकुल साफ.


"ए आई, सरक ना बाजूला! सभापती साहेबांच्या तोंडापुढं काहून उभी राह्यली?"