तुळशीवरची फवारणी

कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवांनी नेहमीसारखी देवळातल्या वृंदावनातली तुळशीची पानं तोंडात टाकली. पहिला अभंग संपायच्या आत ते घामाघूम होऊन खाली बसले आणि भडाभडा ओकले.

विश्वंभर दवाखान्याच्या बाकावर बसला होता. सकाळी त्या तुळशीवर त्यानंच फवारणी केली होती. तंबाखू उकळून तो झाडांचं कीडनाशक घरीच करायचा आणि गावभर विकायचा. प्रयोगशाळेतून तपासून घ्या, असं कृषी अधिकारी मागंच बजावून गेले होते.

"तपासणीच्या खर्चात माझा धंदा बुडेल, साहेब," तो हसून म्हणाला होता. "पाल्याला कसली आलीय तपासणी?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "औषध तुमचं ना? त्यात तंबाखूचं प्रमाण किती?"

"अंदाजानं घालतो, बाई."

बुवांच्या ज्या गळ्यानं गावाला हसवलं-रडवलं, त्यातून आता नुसतं कण्हणं आतल्या खोलीतून ऐकू येत होतं. टाळकरी नानांनी विश्वंभरचा खांदा गदागदा हलवला.

"अरे, आठव की बाबा. तंबाखू किती, पाणी किती?"

विश्वंभरनं डोळे मिटले. आठवायला त्यानं कधी काही मोजलंच नव्हतं.