पत्रिकेतला ळ

१९९६ साली दिल्लीच्या पहाडगंजातल्या त्या स्वस्त छापखान्यात फक्त हिंदी खिळे होते आणि त्यांत ळ नव्हता. शिवांगीच्या लग्नपत्रिकेच्या पहिल्या प्रतीवर तिच्या बाबांचं नाव 'विठ्ठल काले' असं उमटलं. एका अक्षरासाठी वेगळा खिळा पाडून घेणं परवडणारं नव्हतं.

"मॅडम, ल से काम चल जाएगा," छापखानेवाला म्हणाला.

बाबाही म्हणाले, "राहू दे गं. ऑफिसात तीस वर्षं मला सगळे कालेच म्हणतात."

"म्हणूनच नाही राहू द्यायचं," शिवांगी म्हणाली आणि तिने ळपुरती जागा कोरी सोडून पत्रिका छापून घेतल्या.

रविवारी सकाळपासून ती पेन घेऊन एकेका पत्रिकेत ळ काढत बसली. दुपारी तिचा होणारा नवरा नीरज आपल्या आईला घेऊन आला. शिवांगीची शाईने माखलेली बोटं पाहून मल्होत्राबाई हळहळल्या.

"बेटा, एक अक्षर के लिए इतनी मेहनत? शादी के बाद तो तू मल्होत्रा हो जाएगी."

शिवांगीने हातातला ळ पुरा केला.

"नहीं आंटी. शादी के बाद भी काळे ही रहूँगी."

बाबांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. मग नीरजने एक पत्रिका पुढ्यात ओढली आणि पेनासाठी हात पुढे केला.

"मुझे भी सिखा दे," तो म्हणाला. "शादी के बाद हमारे द्वारकावाले नए फ्लॅट की नेमप्लेट मुझे ही लिखवानी है."