काखेतली भाकर

"पुन्यांदा अंगणात पाय टाकलास तर तंगडं तोडीन," बाजीनं मेव्हण्याला बजावलं.

गेनू जागचा हलला नाही. बहिणीच्या पाठीवरचे वळ त्यानं नुकतेच पाहिले होते. "तोड," तो म्हणाला. "पर पुढल्या खेपंला भामीला घिऊनच जाईन." आणि आपल्या गावाच्या, मार्गासनीच्या वाटेला लागला.

बाजीच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मागं एकदा भामाबाई एकटीच माहेरी निघाली होती, तेव्हा त्यानं तिला खिंडीतून केसाला धरून फरफटत आणलं होतं. नवऱ्याला न सांगता पळाली म्हटल्यावर भावकीनंही त्याचीच री ओढली. पण दिवाळी झाली की बाजी मेंढ्या घेऊन वरंधा घाटानं कोकणात उतरणार, तो मिरगाच्या तोंडावरच परतणार. तोवर बायकोवर आणि तिच्या भावावर नजर ठेवायची कुणी?

तो भोरला गेला. धरणावरच्या गोऱ्या साहेबाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. खानसाम्यानं एक धष्टपुष्ट एडका मागून घेतला आणि काळंभोर पिल्लू बाजीच्या हवाली केलं. डोळ्यांवर तांबूस टिकल्या, शेपूट बुडातून छाटलेलं.

"डॉबरमन म्हणतात ह्याला," खानसामा म्हणाला. "मेंढ्या राखायचं कुत्रं नव्हे हे. हे माणूस राखतं. एकदा ज्याचं झालं, त्याचंच. बाकीच्यांना हिंग लावून विचारत नाही."

"मला तसंच पायजे," बाजी म्हणाला. घरी पोचेतो त्यानं पिल्लाचं नाव डाबऱ्या ठेवूनही टाकलं.

कुत्रं आपलं करायची बाजीच्या बापानं घालून दिलेली एक रीत होती. दिवसभर काखेत भाकर बांधून मेंढ्यांमागं हिंडायचं आणि घामानं भिजलेली ती भाकर दुसऱ्या दिवशी भर दुपारी उपाशी पिल्लाला चारायची. असे सात दिवस. मग ते कुत्रं मरेस्तोवर तो वास विसरत नाही, त्या माणसावर दात काढत नाही. आता दुपारी बाजी असायचा डोंगरावर, त्यामुळं चारायचं काम बायकोवर आलं.

"हात लावायचा न्हाई," पळसाच्या पानात गुंडाळलेली भाकर खुंटीला टांगत तो म्हणाला. "पानासकट म्होरं ठिवायची. तुजा वास लागला तर तुजी धडगत न्हाई."

"व्हय," भामाबाई म्हणाली. डावा हात अंगाला गच्च लावून ती एका हातानं चूल सारखी करत होती.

"हात का आखडलाय?"

"परवा तुमी पिरगाळला त्यो."

"मंग नीट वागायचं," बाजी म्हणाला आणि जेवायला बसला.

सात दिवस सात भाकरी झाल्या. आठवडाभर तिचा हात काही सुटला नाही, पण बाजीला त्याचं काय? त्याला बघून डाबऱ्या शेपटाचं बोंडूक हलवायचा आणि बाजीची छाती फुगायची.

दिवाळी उरकली. बाजी निघाला त्या सकाळी आई मेलेलं एक करडू कुडाच्या फटीतून सुटलं आणि त्याच्या पायात पायात येऊ लागलं. त्यानं लाथेनं उडवलं तरी पुन्हा आलं, बाजी वहाण बांधायला वाकला तर अंगाशी तोंड खुपसू लागलं.

"ह्ये का पाठी लागलंय माज्या?"

"आसती एकेकाला माया," भामाबाई म्हणाली आणि करडू उचलून आत घेऊन गेली.

कोकणात बाजीचं चित्त मोठं मजेत होतं. "औंदा मेव्हणा येईल, पर जाताना लंगडत जाईल," तो जोडीदाराला, सावळाला, सांगायचा. "माज्या घामावर पोसलंय म्या ते जनावर."

जेठात तो परतला. अंगणात शिरतो तोच त्याला पुरुषी वहाणा दिसल्या. गेनूच्याच त्या. सापडला मुडदा, त्याला वाटलं. तोंडाला पाणी सुटावं तसं झालं त्याला.

ओट्यावर गेनू बसला होता, धडधाकट. त्याच्या शेजारी वासराएवढा डाबऱ्या पसरला होता.

"डाबऱ्या, धर," बाजी म्हणाला.

डाबऱ्या उठला. ओट्यावरून उतरून सरळ बाजीसमोर येऊन उभा राहिला. ओठ वर गेले आणि दात दिसले. बाजीनं काठी उगारली, तशी ती हातातून गेली आणि डाबऱ्याच्या जबड्यात कडकन मोडली.

"आरं, मी हाय," बाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माजी भाकर खाल्लीस तू. वळख." वास मिळावा म्हणून त्यानं सावकाश हात वर केला.

गुरगुर वाढली.

भामाबाई गठुडं घेऊन बाहेर आली. "तुमी नसताना गेले असते तर पळाली म्हणून पुन्यांदा वढून आणलं असतं. म्हणून तुमची वाट बघत ऱ्हायले. आता सांगून चाललीय. भावकीलाबी तसंच सांगा."

गेनूनं वहाणा चढवल्या. दोघं उतारानं खाली गेली. बाजीला बोट हलवायची सोय नव्हती. पार खालच्या वळणावर भामाबाई थांबली, डाव्या काखेतून तिनं भाकर काढली आणि हाळी दिली. डाबऱ्या बाणासारखा सुटला.

हात तसाच वर धरून बाजी अंगणात उभा होता. तेवढ्यात कुडावरून उडी मारून त्या पोरक्या करडाचा झालेला शिंगाळा बोकड धावत आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याच्या काखेत तोंड खुपसून मायेनं चाटू लागला.