एका मापानं लहान

सकाळपासून माझ्या बांगड्यांच्या दुकानात कुणी फिरकलं नव्हतं. दुपारी औंढ्याच्या झुंबरबाई आल्या आणि त्यांनी पुठ्ठ्याचा खोका पुढ्यात ठेवला. पुण्यातल्या सुनेनं ऑनलाइन बांगड्या धाडल्या होत्या. "रोशनबी, भर ह्या." माझं डोकंच फिरलं. "माल ऑनलाइनचा आणि भरायला मी?" तरी त्यांचा हात धरला. बांगडी हात न दाबताच मनगटापर्यंत गेली. "मावशी, ह्या तुमच्या तुम्हालाच चढतील की. एवढ्यासाठी लोणावळ्यापर्यंत आलात?" त्यांनी बांगडी काढून खोक्यात ठेवली. "चढत्यात गं. घरी घालून बगितल्या, मग काढल्या. पर मागल्या पंचमीला तू बांगड्या भरल्या, तवापास्नं माजा हात कुनी हातात घेतला न्हाई." मी खोका बाजूला सारला, फळीवरून एका मापानं लहान बांगड्या उतरवल्या, त्यांच्या हाताला साबण लावला. "टेका नीट, मावशी," मी म्हणाले. "ह्या चढायला वेळ लागेल."