तळ्याचा पडदा

"नुसतं नाव सांगून भागत नाही, बाई. केस नंबर लागतो." कोर्टाच्या रेकॉर्डकीपरनं चष्मा कपाळावर सरकवला.

"नंबर माहीत नाही. वडिलांचं नाव माहीत आहे, आणि साल."

"दिवाळं निघालं ते साल?"

"हो."

इतकं सरळ तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण त्याच्या आवाजात खोच नव्हती. ताप कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारावं तसं त्यानं विचारलं. मग एक जाडजूड रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. आधी साल, मग आडनाव. तिसऱ्या पानावर वडील सापडले. नावापुढचा नंबर तिनं अर्जात भरला, त्यावर तिकीट चिकटवलं.

"जुनी दप्तरं तळघरात असतात. काढायला वेळ लागतो. गुरुवारी या," तो म्हणाला. "आणि पेन आणू नका. पेन्सिल चालेल."

घरी वडील खिडकीपाशी पडून होते. त्यांचा एके काळी फोटो स्टुडिओ होता. कॅमेरे गेले, दिवे गेले, त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पण पडदा! भिंतभर पसरलेलं, स्वतःच्या हातानं रंगवलेलं तळं. अर्ध्या गावानं त्या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढून घेतले होते. जप्तीनंतर तो दिसेनासा झाला, आणि धाकट्या भावानंच तो उचलला असं वडिलांनी ठरवून टाकलं. चौतीस वर्षं काकाला या घराचं दार बंद होतं. आता काका कायमचा मुलाकडे राहायला निघाला होता, रविवारच्या विमानानं. एकदा भेटू दे, असा निरोप त्यानं तीनदा धाडला होता.

"आधी पडदा आणून दे म्हणावं," वडील म्हणायचे. दुपारी त्यांचा डोळा लागे आणि जागे झाले की ते तिला सांगत, "आज तळ्याचं पाणी हललं गं."

गुरुवारी ती तळघरात गेली. उंचावरच्या एका झरोक्यातून उजेडाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की दिवसाला कुठं जायचंच नाही असं वाटावं. रेकॉर्डकीपरनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोरी ओढायला हात घातला.

"थांबा, फाटेल," ती म्हणाली. लायब्ररीतली पुस्तकं बांधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिनं नखानं गाठ सोडवली, पानांखाली पुठ्ठा सरकवला आणि एकेक पान उलटू लागली.

मध्यावर जप्तीची यादी होती. बेलीफ खोलीखोलीतून फिरला होता आणि दिसेल ते त्यानं लिहिलं होतं. वाचता वाचता घर तिच्याभोवती उभं राहू लागलं. आठ नंबरला आरसा, कोपऱ्यात तडा गेलेला. तो दाराशेजारी होता. अकराला तीन लोकरी पांघरुणं. चौदाला गोल टेबल; त्याच्याखाली बसून ती अक्षरं गिरवायची. ती त्या खोल्यांतून अनवाणी चालत राहिली. फरशी गार लागली.

सत्तावीस नंबरपाशी ती थांबली.

"पडदा एक, रंगवलेला. तळे व दोन हंस. वापरलेला. किंमत: काही नाही. पत्नीस परत दिला."

खाली आईची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी उगीच लांबवलेली, तिचीच.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. त्या हिवाळ्यात आईनं तीन दुलया शिवल्या होत्या. जाड, कडक, कूस बदलली की करकरायच्या आणि त्यांना रंगाचा वास यायचा. एकदा लहानपणी तापात पडली असताना तिनं उसवलेल्या शिवणीत बोट घालून पाहिलं होतं. आत निळं पाणी होतं, आणि एक पांढरी मान. तापात काहीबाही दिसतं, असं आई म्हणाली होती.

"नक्कल हवी का?" रेकॉर्डकीपरनं विचारलं. "पानामागं फी पडते. वर शिक्का मारतो, 'खरी नक्कल'."

"खरी पण आणि नक्कल पण?"

"आमच्याकडे दोन्ही चालतं," तो म्हणाला, आणि ती हसली. डोळे मात्र तिला पदरानं पुसावे लागले.

संध्याकाळी तिनं ते पान वडिलांना वाचून दाखवलं.

"काही नाही?" ते उठूनच बसले. "किंमत काही नाही? चार महिने खपलो होतो मी!" मग कागद हिसकून घेऊन ते सहीकडे बराच वेळ बघत राहिले. "मग गेला कुठं?"

"आईनं त्याच्या दुलया केल्या, बाबा. वरून जुनं कापड, आत तुमचं तळं. पांघरुणं जप्तीत गेली होती ना."

"मला बोलली नाही."

"कशी बोलणार? तुमचं तळं तिनं कात्रीनं कापलं होतं. त्यात तुम्ही काकाचं नाव घेऊन मोकळे झालात. मग जाईपर्यंत तिची जीभच रेटली नसेल."

खिडकीबाहेरचा उजेड उतरत गेला. बऱ्याच वेळानं वडिलांनी फोनसाठी हात पुढे केला. तिनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून काकाचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. वडिलांचे ओठ नुसतेच हलले. शेवटी ते म्हणाले, "उद्या ये. जेवूनच जा." आणि फोन तिला परत दिला.

ते आडवे झाले. चादर त्यांनी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि तिची कड चिमटीत धरून ठेवली.

"माझ्या अंगावर कुठला भाग होता गं?" त्यांनी विचारलं.